पोहण्याच्या तलावांतील क्लोरीन व त्याचे सोबती



ज्यांचें बालपण खेडेगांवांत गेलें त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं पोहण्याचा पहिला धडा विहिरींत घेतलेला असतो. कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधावयाचा, कोणा थोरल्या भावानें किंवा काकानें काठावरून ढकलून द्यावयाचें, आणि नाकातोंडांत पाणी जाऊन एकदां घाबरगुंडी उडाली कीं मग हातपाय आपोआप हलूं लागावयाचे, अशी ती पद्धत. त्या पाण्यांत पटकीची सांथ आल्याखेरीज कोणी औषध घालीत नसे. लोक बेफिकीर होते हें त्याचें एक कारण असेल. पण विहिरीला जिवंत झरे असत, मोटेनें किंवा पंपानें रोज उपसा होई, आणि आज ज्या पाण्यांत पोहलों तें उद्यां उंसाच्या सरींत गेलेलें असे. शहरांतील पोहण्याच्या तलावाची गोष्ट निराळी. तेथें एकदां भरलेलें पाणी महिनेच्या महिने तेंच असतें. तें गाळणींतून फिरतें, स्वच्छ दिसतें, पण जात कोठेंच नाहीं. म्हणून त्यांत जें जें पडतें, मग तो घाम असो, केसांचें तेल असो, धूळ असो कीं आपण स्वतः घातलेलें औषध असो, त्याचा उरलेला अंश तेथेंच साठत राहतो. माझ्या आजच्या बोलण्याचा पाया एवढाच आहे. तो कृपा करून ध्यानांत ठेवावा.

पुण्यांतील ज्या वसाहतींत मी राहतों तेथें असा एक तलाव आहे. त्यांत सुमारें एक लक्ष लिटर पाणी मावतें. गेल्या मे महिन्यांत तें पाणी मंद हिरवट दिसूं लागलें. भिंतींना हात लावला तर बुळबुळीत लागे, मुलें लाल डोळे घेऊन घरीं येत, आणि माझ्या नातीचा कान आठ दिवस ठणकत होता. तो तलावामुळेंच ठणकला असें मी शपथेवर सांगणार नाहीं, पण घरांत तसें बोललें गेलें खरें. वसाहतीच्या सभेंत दोन पक्ष पडले. एक म्हणे, क्लोरीन भलताच वाढला आहे, वास पाहा केवढा मारतो! दुसरा म्हणे, क्लोरीन मुळींच नाहीं, नाहीं तर शेवाळ धरतें कसें? तलावाची देखभाल करणाऱ्या गृहस्थानें आपली छोटी पेटी उघडून सर्वांसमक्ष परीक्षा केली. नळींतील पाणी छान पिवळें झालें आणि कार्डावरील रंगाशीं ताडून पाहतां दहा लक्ष भागांत ३ भाग क्लोरीन आहे असें निघालें. म्हणजे जेवढा हवा तेवढा. दोन्ही पक्ष निरुत्तर झाले. पाणी मात्र हिरवेंच राहिलें. मीं जन्मभर मुलांना शास्त्र शिकविलें म्हणून हें कोडें माझ्या गळ्यांत घालण्यांत आलें, आणि तें सोडवितांना मला जें नव्यानें कळलें तें आपणांस सांगावें असें मनांत आहे.

क्लोरीन हा पिवळसर हिरवा वायु १७७४ सालीं स्वीडनमध्यें शेले यानें प्रथम तयार केला. तें एक मूलतत्त्व आहे असें १८१० सालीं हम्फ्रे डेव्ही यानें ठरविलें आणि फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव ठेवलें. पुढें १७९९ ची सनद म्हणून जी प्रसिद्ध आहे ती मात्र डेव्हीच्या आधींची. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यानें हा वायु विरलेल्या चुन्यांत जिरवून त्याची भुकटी करण्याची ती युक्ति. हीच आपली ब्लीचिंग पावडर. आमच्या ग्रामपंचायती तिला टीसीएल म्हणतात, आणि बादलींत ती कालवून गांवच्या टाकींत ओतणारा शिपाई पुष्कळांनीं पाहिला असेल.

परंतु क्लोरीन वायूच्या रूपानें घाला, भुकटीच्या रूपानें घाला कीं गोळीच्या रूपानें घाला, पाण्यांत गेल्यावर जंतूंना मारणारें द्रव्य एकच तयार होतें. त्याचें नांव हायपोक्लोरस आम्ल. या आम्लाचा एक स्वभाव असा कीं, तें सदासर्वदा आपल्या मूळ रूपांत राहत नाहीं; त्याचा कांहीं भाग फुटून त्यापासून हायपोक्लोराइट नांवाचा विद्युद्भारित कण होतो. मूळ आम्लावर विद्युद्भार नसल्यामुळें तें जंतूच्या आवरणांतून सहज आंत शिरतें. कणावर ऋण भार असतो आणि जंतूच्या पृष्ठावरहि बहुधा ऋण भारच असतो, म्हणून तो दाराशींच अडतो. आम्लाची मारकशक्ति कणाच्या कित्येक पटींनीं अधिक आहे ती यामुळें.

आतां या दोघांची वांटणी कोण करतो? पाण्याचा सामू. ७ हा सामूचा मध्य. त्याखालीं पाणी आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. ही मोजपट्टी १९०९ सालीं कोपनहेगन येथें सोरेनसेन यानें काढली, आणि तो ज्या प्रयोगशाळेंत काम करीत होता ती बिअरच्या कारखान्याची होती. पोहणारांवर मद्याचे उपकार आहेत ते असे! सामू ७ असतां क्लोरीनचा सुमारें तीन चतुर्थांश भाग मारक आम्लाच्या रूपांत असतो, ७॥ असतां सुमारें निम्मा, आणि ८ झाला म्हणजे जेमतेम एक चतुर्थांश. कार्डावरील ३ हा आंकडा तिन्ही वेळीं तोच राहतो, काम करणारा मात्र एकावेळीं तिपटीनें जास्त किंवा कमी असतो. यासाठींच तलावाचा सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवावा असें सांगतात. त्याहून फार खालीं नेला तर डोळे चुरचुरतात, सिमेंट व धातू झिजतात.

सामू चंचल असतो. त्याला धरून ठेवण्यासाठीं पाण्यांत विरघळलेल्या सोड्याचा, म्हणजे बायकार्बोनेटाचा, साठा लागतो. तो दहा लक्षांत ८० ते १२० भाग असला कीं पुरे. कमी पडला तर आपल्या स्वयंपाकघरांतील खाण्याचा सोडाच घालावयाचा. एक लक्ष लिटरांत हा साठा १० भागांनीं वाढविण्यास सुमारें १ किलो ७०० ग्रॅम सोडा लागतो. आमच्या तलावाचा सामू ७.६ भरला, तेव्हां संशय दुसरीकडे वळविणें भाग होतें.

प्रथम वासाचा विचार करूं. तलावाला जो उग्र वास येतो तो क्लोरीन फार झाल्याचा असा सर्वांचा समज असतो. वस्तुस्थिति जवळजवळ उलट आहे. घामांत व मूत्रांत अमोनिया व यूरिया असतात. मोकळा क्लोरीन त्यांच्याशीं संयोग पावला म्हणजे क्लोरामाइन या जातीचे पदार्थ होतात, आणि नाकाला झोंबणारे व डोळे लाल करणारे ते हेच. अशा बांधल्या गेलेल्या क्लोरीनची मारकशक्ति फारच मंद असते. तो ०.४ भागाच्या वर गेला कीं उपाय करावा लागतो. आणि उपाय म्हणजे क्लोरीन कमी करणें नव्हे, तर बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारें दहापट मोकळा क्लोरीन एका दमांत घालून ते संयोग मोडून टाकणें. तेवढा वेळ अर्थात् कोणीं पाण्यांत उतरावयाचें नाहीं. त्याहून सोपा उपाय पोहण्यापूर्वीं साबणानें आंघोळ करण्याचा आहे. तशी पाटी आमच्या तलावावर आहे. मुलें ती वाचतात आणि मोठीं माणसें वाचीत नाहींत.

मग त्या पिवळ्या परीक्षेचें काय? गांवोगांवीं पाणी तपासण्यास वापरतात तेंच ऑर्थोटोलिडीन आमच्या पेटींतहि होतें. तें मोकळा व बांधलेला असे दोन्ही क्लोरीन एकत्र मोजून सांगतें. नळाच्या पाण्याला तें चालून जातें, कारण तेथें कोणी पोहत नसतो. दुसरी एक परीक्षा आहे, जिच्यांत पाणी गुलाबी होतें. ती दोहोंचा हिशेब वेगवेगळा देते. तिनें पाहतां आमच्या ३ पैकीं २ मोकळा व १ बांधलेला निघाला. म्हणजे वासाचा पक्ष व शेवाळाचा पक्ष दोघेहि आपआपल्या परीनें बरोबर होते. पण २ भाग मोकळा क्लोरीन आणि ७.६ सामू असतांना शेवाळ धरावयास नको होतें. कोणी तरी त्याचे हात बांधून ठेवले होते.

येथें क्लोरीनच्या निरनिराळ्या प्रकारांचा प्रश्न येतो. बाजारांत क्लोरीन एकटा मिळत नाहीं. प्रत्येक प्रकारांत त्याला कोणी तरी सोबती असतो. क्लोरीन आपलें काम करून संपतो, सोबती पाण्यांत राहतो. नळ्यांतून येणारा निव्वळ वायु मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांना योग्य. वसाहतींत त्याचें नांवहि काढूं नये. दुसरा प्रकार द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट. दुकानदार त्याला नुसतें हायपो म्हणतो. त्यांत शेंकडा १० च्या आसपास क्लोरीन असतो व त्याचा सोबती साधें मीठ, म्हणून तो सर्वांत निरुपद्रवी. तो घालतांच सामू चढतो, परंतु क्लोरीन खर्च होतां होतां पुष्कळसा पुन्हां उतरतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. त्याचा दोष असा कीं तो टिकत नाहीं. उन्हांत ठेवलेल्या कॅनमधील हायपो कांहीं आठवड्यांतच निम्म्या गुणाचा होऊन बसतो. तिसरा कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे टेनंटच्या भुकटीचा सुधारलेला व शेंकडा ६५ पर्यंत क्लोरीन असलेला वंशज. त्याचा सोबती चुना. बोअरिंगचें पाणी आधींच जड असेल, शाळेच्या पुस्तकांत ज्याला दुष्फेन म्हणतात तसें, तर या भुकटीनें तें आणखी जड होऊन गढूळ दिसतें व फरश्यांवर पांढरे थर बसतात.

चौथा व पांचवा प्रकार हे आमच्या गोष्टीतील खरे नायक, किंवा खलनायक म्हणा. डायक्लोर नांवाची दाणेदार भुकटी आणि ट्रायक्लोर नांवाच्या गोळ्या. ट्रायक्लोरच्या गोळींत शेंकडा ९० क्लोरीन असतो. ती हळूहळू विरघळते, ठेवावयास सोपी, मोजावयास सोपी; एक गोळी तरंगत्या डब्यांत टाकली कीं दिवसाचें काम झालें. तिचा सोबती सायन्युरिक आम्ल.

या आम्लाची थोडी बाजू घेतली पाहिजे, कारण तें मुळांत चांगलें आहे. सूर्यप्रकाश क्लोरीनचा शत्रु होय. उघड्या तलावांत, भर उन्हांत, नुसता हायपो घातला तर एका तासाच्या आंत त्यांतला अर्धा नाहींसा होतो. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला आपल्याशीं सैलसर बांधून उन्हापासून जपतें, आणि लागेल तसा हळूहळू सोडतें. छत्री धरावी तसें. दहा लक्षांत ३० ते ५० भाग असेपर्यंत ही छत्री फार उपयोगी पडते. परंतु छत्री वाढत गेली म्हणजे क्लोरीन तिच्याखालींच बसून राहतो व बाहेर कामाला येत नाहीं. गंमत अशी कीं, गुलाबी परीक्षा करतांना तो चटकन बाहेर येऊन मोजला जातो. कार्ड म्हणतें क्लोरीन आहे. शेवाळ म्हणतें नाहीं. अनुभवी लोकांचा ठोकताळा असा कीं, मोकळा क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या निदान शेंकडा साडेसात तरी असावा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारसहि याच धोरणाची आहे: हें आम्ल नसेल तर मोकळा क्लोरीन निदान १, असेल तर निदान २.

आतां शाळेंतल्यासारखें एक त्रैराशिक करूं. २०० ग्रॅमच्या एका गोळींत १८० ग्रॅम क्लोरीन मिळतो, आणि पाण्यांत सुमारें ११० ग्रॅम सायन्युरिक आम्ल राहतें. आमच्या तलावांत डिसेंबरपासून रोज एक गोळी पडत होती. दीडशें दिवसांत क्लोरीन सगळा खर्च झाला, आणि साडेसोळा किलो आम्ल मागें उरलें. तें उडून जात नाहीं, उन्हानें नासत नाहीं, गाळणींत अडकत नाहीं. एक लक्ष लिटरांत साडेसोळा किलो म्हणजे दहा लक्षांत १६५ भाग. मीं हा हिशेब कागदावर मांडला, आणि मग त्या आम्लाची परीक्षा मागविली. तिच्यांत एका नळींत मेलामीनचें द्रावण व तलावाचें पाणी मिसळतात. पाणी दुधासारखें गढूळ होतें, व नळीच्या तळाचा काळा ठिपका कोणत्या रेघेवर दिसेनासा होतो त्यावरून आंकडा काढतात. आमचा ठिपका १०० ची रेघ येण्यापूर्वींच नाहींसा झाला. नमुन्यांत तितकेंच नळाचें पाणी घालून पुन्हां पाहिलें तेव्हां ७० भरला, म्हणजे मूळ आंकडा १४०. गाळणी धुतांना जें पाणी बाहेर गेलें त्याच्याबरोबर बाकीचें आम्ल गेलें असावें. १४० ला शेंकडा साडेसात प्रमाणें १०॥ भाग क्लोरीन हवा होता. आमच्याजवळ २ होता.

शेवाळ दिसतांच देखभाल करणाऱ्यानें काय केलें असेल हें आपण ओळखलेंच असेल. त्यानें एकाऐवजीं दोन गोळ्या टाकण्यास आरंभ केला होता. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. गोळ्यांच्या डब्यावर तसें कांहीं ठळक लिहिलेलें नव्हतें, आणि त्यानें विचारावें असा कोणी माणूसहि नव्हता.

या आम्लावर घरगुती उतारा नाहीं. पाणी काढून टाकणें व नवें भरणें, हाच काय तो उपाय. १४० वरून ४० च्या जवळ येण्यासाठीं शेंकडा ७० पाणी बदलावें लागणार होतें, म्हणजे ७०,००० लिटर. दहा हजारांचे सात टँकर. दिवस मे महिन्याचे. वसाहतीच्या फाटकाबाहेर पलीकडच्या वस्तींतल्या बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहत बसलेल्या, आणि आम्हीं पोहण्यासाठीं सात टँकर बोलवावयाचे! सभेंत यावर बरीच तोंडातोंडी झाली. पैसे देतों तर पाणी कां घेऊं नये, असा एक सूर होता. माझें मत मीं स्पष्ट सांगितलें, आणि तें थोड्या मतांनीं कां होईना, मान्य झालें: तलाव पावसाळ्यापर्यंत बंद ठेवावा. काढलेलें पाणी आठ-दहा दिवस थोडें थोडें करून इमारतींच्या संडासांच्या टाक्यांत सोडण्यांत आलें. मुलांची उन्हाळ्याची सुटी मात्र फुकट गेली, आणि त्याबद्दल माझी नात अजून माझ्याशीं पुरती गोड झालेली नाहीं.

दोन धोक्यांच्या गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. पहिली अशी कीं, क्लोरीनचे प्रकार एकमेकांत कधींहि मिसळूं नयेत. ट्रायक्लोरची गोळी व कॅल्शियमची भुकटी एकत्र ओलीं झालीं तर पेट घेतात, स्फोटहि होतो. सामू उतरविण्याचें ॲसिड आणि हायपो एका बादलींत पडलें तर त्यांतून क्लोरीन वायु उसळतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममध्यें ईप्र येथें सैनिकांवर सोडण्यांत आला होता तोच. तो हवेच्या सुमारें अडीचपट जड असल्यामुळें पंपाच्या तळघरांत साचून राहतो. प्रत्येक औषधाचें माप निराळें असावें, कोरडें असावें, आणि औषध पाण्यांत घालावें, पाणी औषधांत नव्हे. आमच्या पंपघरांत तीन डब्यांना मिळून एकच प्लॅस्टिकचा मग होता. तो पाहून अंगावर कांटा आला.

दुसरी गोष्ट आईबापांसाठीं. पाण्यांतील मोकळा क्लोरीन १ भाग, सामू ७॥ आणि सायन्युरिक आम्ल मुळींच नाहीं, अशा उत्तम स्थितींत ई. कोलाय जातीचे जंतु एका मिनिटाच्या आंत मरतात, काविळीचा अ विषाणु सुमारें १६ मिनिटांत, जिआर्डिया सुमारें ४५ मिनिटांत. पण क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक सूक्ष्म जीव दहा दिवसांहून अधिक टिकतो. त्यानें जुलाब होतात, व तो तलावांत येतो तो जुलाब झालेल्या माणसाबरोबरच. कोणताहि क्लोरीन येथें वेळेवर धांवून येत नाहीं. म्हणून जुलाब चालू असतां मुलाला पाण्यांत उतरवूं नये, आणि हा रोग ठरला असेल तर जुलाब थांबल्यावरहि दोन आठवडे उतरवूं नये.

जुलैंत तलाव पुन्हां भरला. आतां रोज संध्याकाळीं, ऊन गेल्यावर, दोन लिटर हायपो पडतो. गोळ्या केवळ देखभाल करणारा रजेवर असेल त्या दिवसांसाठीं कुलुपांत ठेवल्या आहेत. तीन डब्यांना तीन निराळे मग आले. भिंतीवरील वहींत मोकळा क्लोरीन, बांधलेला क्लोरीन आणि सामू रोज लिहिले जातात, सोडा आठवड्याला, सायन्युरिक आम्ल महिन्याला. काळा ठिपका पाहण्याचें काम देखभाल करणाऱ्यानें माझ्या नातीकडे दिलें आहे. तिचे डोळे आम्हां दोघांहून चांगले आहेत. गेल्या महिन्याचा तिचा आंकडा ४० होता.